दाराजवळची खुर्ची

१

यालुंग्यात कुणी वारलं की ग्लेनिस श्रामला दुःख फार व्हायचं आणि टाइप मात्र फार थोडं करावं लागायचं.

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या या छोट्या गावाचं चार पानी साप्ताहिक पत्रक तीच काढायची. गावच्या हॉलला पाठीमागून चिकटलेली एक खोली होती. पूर्वी तिथे वाचनालय होतं. आता पुस्तकांच्या जागी एक कॉम्प्युटर, एक छपाईचं यंत्र आणि बिस्किटांचा डबा होता, आणि गर्दी पूर्वीपेक्षा जास्त होती. ग्लेनिस गेलेल्या माणसाचं नाव एकेक अक्षर मन लावून टाइप करायची, नाक ओढायची, मग 'अंत्य' एवढंच लिहून वरच्या रांगेतलं एक बटण दाबायची. की झालं! खालचा सगळा मजकूर एकदम धपकन पडायचा : 'यांच्या अंत्यविधीस सर्व स्नेह्यांनी अगत्य यावे. लुथरन चर्च, यालुंगा. त्यानंतर गावच्या हॉलमध्ये चहा. भगिनींनी खाण्याचे एकेक ताट आणावे.'

असे पुष्कळ मजकूर तिने साठवून ठेवले होते. 'पाऊस' लिहिलं की 'याही आठवड्यात पाऊस झाला नाही' असं यायचं. पास्टर वुंडरसिट्झ यांचं नाव दोन अक्षरांवर यायचं, कारण ते सबंध टाइप करणारी बाई गावात अजून जन्माला यायची होती.

मदतीला क्लेम हेनिके असायचा. पत्रकाच्या घड्या घालणं, बिस्किटं संपवणं आणि बडबडणं ही त्याची कामं. जन्मभर तो गव्हाच्या कोठारावर ट्रकची वजनं करत होता. शाळेने त्याला सोडलं की त्याने शाळेला, यावर गावात दोन मतं होती. पण त्याच्या चेष्टांबद्दल एकच मत होतं. गावात नव्याने आलेल्या मास्तरला त्याने सांगितलं होतं की इथे कोठारासमोरून जाताना टोपी काढायची पद्धत आहे. मास्तर बिचारा वर्षभर काढत राहिला. गंमत म्हणजे, त्याचं पाहून आणखी दोघं-तिघं काढायला लागले.

साठवलेल्या मजकुराची किमया कळल्यावर क्लेमच्या हाताला खाज सुटणारच. ग्लेनिस चहा करायला उठली, तेवढ्यात त्याने आपल्या दोन जाड बोटांनी कारभार उरकला. दुसऱ्या दिवशी तिने पत्रकाखाली स्वतःचं नाव लिहिलं, बटण दाबलं, आणि पडद्यावर उमटलं : 'ग्लेनिस, तुझा चहा गार झाला.'

तिने खरंच कपाला हात लावून पाहिला. क्लेम खुर्चीवरून पडायचा राहिला.

"थेरड्या," ती म्हणाली, "तुझ्या थडग्यावर मी हेच कोरून घेणार आहे."

२

कापणी लागायच्या थोडं आधी म्हातारा अर्न लिंके गेला. झोपेतच गेला. त्याचं जागेपण आणि झोप यांत फरक होता तरी किती, असं क्लेम म्हणाला, आणि मग हळूच डोळे पुसले.

गुरुवारी पत्रक छापून निघालं. घड्या घालता घालता क्लेमची नजर अर्नच्या चौकटीवर गेली. भगिनी होत्या, ताट होतं, आणि ताटाच्या पुढे आणखी एक वाक्य होतं : 'दाराजवळची एक खुर्ची मोकळी ठेवावी.'

"ग्लेनिस, ही खुर्ची कुणाची?"

"तुझीच असणार. माझ्या यंत्रात असले किडे सोडणारा दुसरा कोण आहे गावात?"

"मी नाही सोडला."

"मग हसतोयस कशाला?"

तो हसत होता खरा. पन्नास वर्षांची सवय. आरोप आला की गाल आपोआप वर जायचे. आत हसण्यासारखं काही नव्हतं, तरी तोंड आपलं काम करून मोकळं झालं होतं.

"मेलेल्या माणसाच्या बातमीत तरी चेष्टा करू नये रे," ग्लेनिस म्हणाली, आणि हे तिने इतक्या हळू आवाजात म्हटलं की क्लेमने घडी घालायला पुढची प्रत ओढली.

सगळ्या प्रती छापून झाल्या होत्या. त्या तशाच घरोघर गेल्या. यालुंग्यात पत्रकात छापून आलेली गोष्ट करायची असते. लोकांना वाटलं, ही लिंके घरातल्या माणसांची इच्छा. घरच्यांना वाटलं, पास्टरांनी सांगितलं असेल. पास्टर वुंडरसिट्झना वाटलं, ही इथे येऊन वसलेल्या जुन्या जर्मन लोकांची रीत असावी आणि आपल्याला ती ठाऊक नाही हे कुणाला कळू देऊ नये. म्हणून त्यांनी गंभीरपणे मान डोलावली. हॉलच्या दाराजवळ एक खुर्ची मांडली गेली. ती नुसतीच कशी ठेवायची, म्हणून कुणीतरी शेजारी स्टूल ठेवलं आणि त्यावर चहाचा कप.

बराच वेळ तिच्याकडे कुणी फिरकलं नाही. मग बेरिल ओटन्सचे गुडघे बोलायला लागले.

"अर्न काही मनावर घ्यायचा नाही," असं म्हणत तिने आपलं भलंमोठं बूड त्या खुर्चीत टेकवलं आणि कप उचलला. "गार आहे मेला."

पण तिने तो संपवला.

३

महिना झाला नाही तोच बेरिल गेली. तिच्या डॉक्टरला तिच्या जाण्याचं नवल नव्हतं, ती इतकी राहिली याचंच होतं.

ग्लेनिस शहाणी. साठवलेला मजकूर तिने आधी उघडून तपासला. तो 'एकेक ताट आणावे' इथेच संपत होता. पुढे काही नाही. तरीही तिने तो पुसला, सबंध मजकूर हाताने नव्याने टाइप करून नव्याने साठवला आणि क्लेमला शेजारी बसवलं.

"हात मांडीवर ठेव. दोन्ही."

क्लेमने आज्ञाधारक पोरासारखे हात मांडीवर ठेवले. तिने बेरिलचं नाव लिहिलं. 'अंत्य' लिहिलं. बटण दाबलं.

चर्च आलं, हॉल आला, ताट आलं. आणि पाठोपाठ आलं : 'दाराजवळची एक खुर्ची मोकळी ठेवावी. चहा गरम असावा.'

खोलीत छपाईयंत्राचा पंखा तेवढा घरघरत होता. बाहेर गुलाबी काकाकुव्यांचा थवा टाकीवर भांडत होता. क्लेमचे गाल या वेळी जरा उशिराने वर गेले, पण गेले.

"कसं करतोस, ते सांग," ग्लेनिस म्हणाली. "मी रागावणार नाही."

"अगं बाई, ते बटण कुठलं हेही मला चष्म्याशिवाय दिसत नाही."

"खुर्चीचं वाक्य तूच घातलंस. चहाचंही तुझंच. माझा चहा गार झाला म्हणून कोण लिहीत होतं?"

चहा त्याचाच होता. तिने दोन्ही वाक्यं पडद्यावरून खोडली, आणि पत्रक धुतल्या तांदळासारखं स्वच्छ निघालं.

क्लेम मात्र घरी जाईपर्यंत डोकं खाजवत होता. गेल्या महिन्यात त्याचा चष्मा फ्रीजमध्ये बर्फाच्या डब्याखाली सापडला होता. तो तिथे त्यानेच ठेवला असणार, कारण घरात दुसरं होतं कोण? वेल्मा, त्याची बायको. आणि ती चष्मे गोठवणाऱ्यांतली नव्हे. मग तसंच हेही आपण केलं असेल? चेष्टा करायची आणि चेष्टा केल्याचं विसरायचं! आपण लिहिलं असेल तर आपलं डोकं कामातून चाललं आहे. आपण लिहिलं नसेल तर...

त्या 'तर'च्या पुढे त्याला काही सुचेना. डोकं कामातून गेलेलं बरं, असं त्याने ठरवलं आणि कोंबड्यांना दाणे टाकले.

४

पत्रकात खुर्ची नव्हती. हॉलमध्ये होती.

"छापलं नव्हतं ना या वेळी?" क्लेमने विचारलं.

"छापायला कशाला हवं?" ग्लेनिस ताटांवरची फडकी काढत म्हणाली. "सगळ्या म्हणाल्या, अर्नला ठेवली होती, मग बेरिलने काय घोडं मारलंय?"

उत्तरेकडून भट्टीसारखा वारा सुटला होता. हॉलच्या पत्र्याखाली माणसं उकडत होती आणि तरी चहा पीत होती. वेल्मा दुपारपासून किटली घेऊन फिरत होती. खुर्चीशेजारच्या स्टुलावरचा कपही तिनेच भरला. नुसता शिष्टाचार म्हणून. क्लेम नेटबॉलच्या सामन्यांत जिंकलेल्या ढाली ठेवलेल्या काचेच्या कपाटाजवळ उभा राहून पास्टरांना सांगत होता की त्यांच्या मागच्या प्रवचनात एक कुत्रा झोपला आणि अजून उठला नाही. बोलता बोलता त्याने वर पाहिलं.

वेल्माने किटली खाली ठेवली होती. पदराने तोंड पुसावं तसं एप्रनने तोंड पुसून ती त्या खुर्चीत बसत होती.

"वेल्मा!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. क्लेमला म्हणायचं होतं, ऊठ. एवढंच. का ते विचारू नकोस, पण ऊठ. त्याने तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते भलतंच.

"त्या खुर्चीला विचार तरी आधी! तुझं वजन मी कोठारावर केलंय!"

हॉल खदखदला. वेल्माही हसली. हसली आणि मुद्दाम, नवऱ्याच्या नाकावर टिच्चून, पाठ टेकून ऐसपैस बसली. कप उचलला, घोट घेतला.

"आहा," ती म्हणाली. "छान गरम आहे."

सगळे गेल्यावर क्लेम टोपी आणायला पाठीमागच्या खोलीत गेला. भिंत लाकडी फळ्यांची, पातळ. पलीकडून कपात चमचा फिरवल्याचा आवाज येत होता. सावकाश, न थांबता, साखर केव्हाच विरघळली असेल इतका वेळ. त्याला वाटलं ग्लेनिस असेल. मग ग्लेनिस त्याला खिडकीतून दिसली. बाहेर गाडीत ताटं ठेवत होती.

त्याने हॉलचं दार उघडलं. आत कुणी नव्हतं. खुर्ची, स्टूल, कप. चमचा बशीत आडवा पडला होता आणि हलत नव्हता. क्लेम त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिला. मग जाताना त्याने दिवा मालवला, पुन्हा लावला, आणि तसाच ठेवून गेला.

५

पुढच्याच आठवड्यात वेल्मा कपडे वाळत घालता घालता खाली बसली आणि तिला उठता येईना. रुग्णांना नेणारं विमान आलं, तिला ॲडलेडला घेऊन गेलं. हृदयाची एक झडप निकामी झाली होती. उघडून बदलावी लागणार होती.

क्लेम गाडीने मागोमाग गेला. हॉस्पिटलात त्याने सगळ्यांना दोन दिवसांत जिंकून घेतलं. नर्सला म्हणाला, झडप बदलताय तर तोंडालाही एक बसवा. सर्जनला म्हणाला, जुनी झडप फेकू नका, आमच्या पंपाला चालेल. सगळे हसले. वेल्मा हसली नाही. तिने हाताने त्याला जवळ बोलावलं.

"क्लेम, उद्या मला आत नेणार आहेत."

"मग? बरोबर सँडविच देऊ?"

"एकदा तरी," ती म्हणाली, "एकदा तरी माझ्याशी सरळ बोल ना."

तो पलंगाच्या कडेला बसला. खरंच प्रयत्न केला त्याने. पण जन्मभर त्याने गोष्टी जमवल्या होत्या त्या हसवण्याच्या. माणूस समोर आला की आतून एक कळ दाबली जायची आणि तयार माल बाहेर पडायचा. लग्नात, बारशात, मर्तिकात, सगळीकडे तोच. तिला म्हणण्यासारखं ताजं असं काही शोधायला गेला तर आत नुसती मोकळी जागा. त्याने तिचा हात धरला आणि खिडकीबाहेर बघितलं. आणि एक गोष्ट त्याला त्या वेळी अगदी स्वच्छ कळली. त्या दिवशी हॉलमध्ये त्याने नुसतं 'ऊठ' म्हटलं असतं, तर ती उठली असती.

ऑपरेशन चांगलं झालं. शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं वाक्य उच्चारलं ते असं : "तू अजून इथेच? कोंबड्यांना कोण बघतंय?"

म्हणून तो परत आला.

६

"शनिवारी येते ना? झकास!" ग्लेनिस म्हणाली. "हॉलमध्ये चहा ठेवू. पत्रकात टाक तूच. मी ताटांचं बघते."

ती शेजारच्या दुकानात गेली. दुपारचं ऊन फरशीवर पसरलं होतं. क्लेम कॉम्प्युटरसमोर बसला, चष्मा लावला, आणि बायकोच्या नावाची पहिली दोन-चार अक्षरं टाइप केली.

अक्षरांच्या डोक्यावर एक पिवळी पट्टी उगवली.

ही पट्टी त्याने पूर्वी पाहिली होती. यंत्राजवळ तयार मजकूर असला की ते ओळखतं, आणि त्याचे सुरुवातीचे शब्द असे पट्टीत दाखवतं. एन्टर दाबलं की उरलेला मजकूर येतो. नाही दाबलं, पुढे लिहीत गेलं, की पट्टी आपली निघून जाते. साधी गोष्ट. फक्त वेल्माच्या नावाचा मजकूर कुणी कधी साठवलेला नव्हता.

पट्टीत लिहिलं होतं : 'वेल्मा हेनिके यांच्या…'

क्लेमने ते वाचलं. पुन्हा वाचलं. 'यांच्या' पुढे चांगलंही येऊ शकतं, त्याने स्वतःला समजावलं. यांच्या स्वागतास. यांच्या हातच्या केकला. काय हवं ते येऊ शकतं. एन्टर दाबलं की कळेल. आणि तो क्लेम हेनिके होता. जन्मात त्याने एक बटण, एक दोरी, एक झाकण न ओढता सोडलं नव्हतं. त्याचं बोट हवेत गेलंही.

पलीकडे, भिंतीमागे, कपात चमचा फिरायला लागला.

त्याने बोट मागे घेतलं. त्याने त्या पट्टीकडे न पाहता पुढचं अक्षर शोधलं आणि दाबलं. मग त्याच्या पुढचं. पट्टी गेली. तिथून पुढे तो एकेक अक्षर कीबोर्डवर हुडकून काढत लिहीत गेला, कुठलंही तयार वाक्य न घेता, आणि त्याच्या ध्यानात आलं की असं त्याने आयुष्यात कधीच लिहिलं नव्हतं आणि असं तो कधी बोललाही नव्हता. घाम फुटला त्याला. ग्लेनिस परत आली तेव्हा पडद्यावर एवढंच होतं :

'वेल्मा शनिवारी घरी येत आहे. ती नव्हती तेव्हा घर फार मोठं वाटत होतं. या.'

ग्लेनिसने ते वाचलं आणि नाक ओढलं. "हे कुठून ढापलंस?" ती म्हणाली.

भिंतीपलीकडे शांत होतं.

७

शनिवारी क्लेम सकाळीच हॉलवर गेला आणि दाराजवळची प्रत्येक खुर्ची उचलून मंचामागे रचून आला. वेल्मासाठी त्याने घरची आरामखुर्ची आणून मधोमध ठेवली, उशा घातल्या, आणि गाव जमायला लागल्यावर तिला आणायला गेला.

तिला हाताला धरून पायऱ्या चढवत आणलं तेव्हा टाळ्या वाजल्या. ताटांवर ताटं होती : क्वॉन्डाँग या रानफळाचं सारण भरलेल्या पेस्ट्र्या, खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन, जर्मन चुऱ्याचा केक. आणि दारातून आत शिरल्या शिरल्या, उजव्या हाताला, एक खुर्ची. स्टूल. कप. कपातून वाफ निघत होती.

"कुणी ठेवली?" क्लेमने विचारलं.

"मी," ग्लेनिस म्हणाली. "दाराजवळ ठेवतो ना आपण? तू सगळ्या कुठे दडवल्यास? मंचामागून ओढून आणावी लागली."

"अगं, ही काय मयत आहे का?"

"चहा आहे ना? चहाला ठेवतो."

रीत पडली होती. आता ती मोडायला पत्रकात छापावं लागलं असतं.

वेल्माला चार पायऱ्यांनी धाप लागली होती. आरामखुर्ची हॉलच्या मध्यावर होती, आणि ही हाताशी. "देवासारखी ठेवलीत गं," असं म्हणून तिने खुर्चीच्या पाठीवर हात टेकला आणि वळली, बसायला.

क्लेमने तिच्या दंडाला धरलं. या वेळी त्याने कसलीच वाट पाहिली नाही. न शब्दांची, न गालांची.

"नको," तो म्हणाला. "मी बसतो." आणि बसला.

हॉल हसून हसून लोळायचा राहिला. आजारी बायकोची खुर्ची पळवणारा नवरा! "लाज सोडलीस की रे क्लेम!" "हिला जमिनीवर बसवणार की काय!" पास्टर वुंडरसिट्झनीच वेल्माला हात दिला आणि आरामखुर्चीत नेऊन बसवलं. ती मागे वळून त्याच्याकडे बघत होती. तिला काय समजलं, काय नाही, तिलाच ठाऊक. पण ती हसत नव्हती.

खुर्ची कोमट होती. कुणी नुकतंच उठून गेलं की असते तशी.

क्लेमने कप उचलला. आता मागे हटणं नव्हतं; अर्धं केलेलं काम वेल्माच्या वाट्याला यायचं. चहा गरम होता, त्याला लागतो तेवढाच गोड. तळ दिसेपर्यंत तो प्यायला.

इथून सगळा हॉल दिसत होता आणि सगळ्यांच्या पाठी. इथे बसलेल्याकडे कुणी बघत नाही, त्याच्या मनात आलं. समोर ढालींचं कपाट होतं. त्याच्या काचेत दाराची उजळ चौकट पडली होती, चौकटीत खुर्ची, खुर्चीत तो स्वतः, म्हातारा, हातात कप. आणि खुर्चीच्या मागे, भिंत आणि त्याच्या खांद्यामध्ये जिथे माणूस मावणार नाही तिथे, कुणीतरी किंचित वाकून उभं होतं. पाहुण्याचा कप रिकामा होण्याची वाट बघत वाढणारी बाई उभी असते, तसं.

त्याने मागे पाहिलं नाही. रिकामा कप स्टुलावर ठेवला. तो ठेवताना वाजला नाही, कारण कुणीतरी तो मध्येच अलगद धरला.

८

सोमवारी ग्लेनिस आभाराचा मजकूर लिहायला बसली. क्लेम घड्या घालत होता. बाहेर गाडीत वेल्मा बसली होती. दोघांना तपासणीसाठी डॉक्टरकडे जायचं होतं. गाडी चालवायची नाही असं तिला बजावलं होतं. हॉर्न वाजवायचा नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. ती वाजवत होती.

"आलो!" क्लेम ओरडला. शनिवारी रात्री, उशाशी दिवा चालू असताना, तो तिच्याशी सरळ बोलला होता. फार नाही, थोडंच. खुर्चीचं सांगितलं नाही. घर मोठं वाटलं, ते सांगितलं. आणि आणखी एकदोन गोष्टी, ज्या गावाला कळायचं कारण नाही.

ग्लेनिसने वेल्माचं नाव लिहिलं. क्लेम श्वास धरून तिच्या खांद्यावरून बघत होता. पट्टी आली नाही. नाव पुरतं लिहून झालं, तरी आली नाही. गेली! त्याला इतकं हलकं वाटलं की त्याने चक्क एक बिस्कीट परत डब्यात ठेवलं.

"वेल्मा आणि..." पुटपुटत ग्लेनिस पुढे लिहू लागली. त्याच्या नावाची पहिली अक्षरं पडली.

पिवळी पट्टी उगवली.

'क्लेम, तुझा चहा…'

ग्लेनिसने टाळी वाजवली. "सापडलास! माझं नाव काढून स्वतःचं घातलंस, आणि विसरलास! स्वतःच्याच सापळ्यात!" तिचं बोट एन्टरकडे निघालं.

"दाबू नकोस."

"का रे? पुढे काय शिव्या लिहिल्यास?"

भिंतीपलीकडे चमचा फिरत होता. सावकाश. ग्लेनिसला तो ऐकू येत होता की नाही, कुणास ठाऊक.

"ग्लेनिस," क्लेम म्हणाला. त्याचे गाल वर गेले नाहीत. "ते मी लिहिलेलं नाही. खुर्चीचंही मी लिहिलं नव्हतं. मला भीती वाटते आहे. दाबू नकोस. तसंच पुढे लिहीत जा, म्हणजे ती पट्टी जाईल."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याचे डोळे, त्याचे हात. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं. मग तिला कोठाराला टोपी काढणारा मास्तर आठवला असावा. प्रवचनात झोपलेला कुत्रा आठवला असावा. तिचा स्वतःचा, हात लावून पाहिलेला कप आठवला असावा. ती फस्सकन हसली.

"काय करतोस रे! डोळ्यांत पाणीसुद्धा! तू नाटकात जायला हवं होतंस, थेरड्या."

आणि तिने एन्टर दाबलं.

पलीकडे चमचा थांबला.

क्लेमने पडद्याकडे पाहिलं नाही. त्याने ग्लेनिसकडे पाहिलं. मजकूर चांगलाच लांब असावा. तिचे डोळे ओळीमागून ओळ खाली जात राहिले, आणि तिचं हसू तसंच तोंडावर राहून गेलं, मांडलेलं ताट कुणी न उचलल्यासारखं. मग तेही उतरलं.

"क्लेम," ती म्हणाली, आणि तिने खुर्ची त्याच्या बाजूला सरकवली, यंत्रापासून लांब. "हे तू लिहिलेलं नाहीस. नाहीस ना?"

हॉलमध्ये कुणीतरी फरशीवरून खुर्ची ओढली, पाहुण्याला बसायला जागा करून द्यावी तशी. बाहेर वेल्माने पुन्हा हॉर्न वाजवला.

"आलो, आलो," क्लेम म्हणाला.

खोलीला दोन दारं होती. एक रस्त्याकडे उघडणारं, एक हॉलकडे. तो कुठल्या दाराकडे बघून ते म्हणाला, हे ग्लेनिसने पुढे कुणालाच सांगितलं नाही. वेल्मालाही नाही.